भूपातली चाल चार आवाजांत बांधताना: सप्टेंबर ते नाताळ

नाताळच्या उपासनेत एक जुनं मराठी भजन चार आवाजांत गायचं, हे गणपती विसर्जनानंतरच्या आठवड्यात ठरलं. तयार स्वरलेखन कुठेच नव्हतं, म्हणजे चाल गाणाऱ्या सोप्रानोखाली (बायकांचा वरचा आवाज) आल्टो (बायकांचा खालचा), टेनर (पुरुषांचा वरचा) आणि बास (पुरुषांचा खालचा) हे तीन आवाज नव्याने लिहायचे होते. हार्मनीचे (वेगवेगळे स्वर एकत्र जुळवण्याचे) नियम पुस्तकात वाचणं वेगळं आणि अठरा हौशी गळ्यांसाठी लिहिणं वेगळं, म्हणून सुरुवातीला धास्ती होती. पुण्यात अशा कॉयरसाठी लिहू पाहणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हा सगळा प्रवास क्रमाने लिहून ठेवत आहे.

पहिलं काम संगीताचं नव्हतंच, हक्कांचं होतं. शब्द रेव्हरंड ना. वा. टिळकांचे. ते १९१९ साली वारले. आपल्याकडे कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतात, त्यामुळे शब्दांची अडचण नव्हती. पण चालीचा हक्क शब्दांपासून वेगळा असतो, हे बरेच जण विसरतात. उपासनेत एखादी रचना गाण्याला कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमात सूट आहे. मात्र चार आवाजांची मांडणी करणं कायद्याच्या भाषेत ‘रूपांतर’ ठरतं, आणि चाल हक्कांत असेल तर त्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते. आमची चाल परंपरेने चालत आलेली निघाली. चर्चच्या कार्यालयाला अर्ज, सोबत शब्दांची प्रत आणि अंदाजे वेळ (तीन कडवी, तीन मिनिटं) असं दिलं. उत्तर यायला पंधरवडा गेला. हा अर्ज सप्टेंबरातच टाकावा. नोव्हेंबरात कार्यालयात नाताळची गर्दी सुरू होते.

चाल भूप रागातली: सा रे ग प ध. ठेका भजनी (आठ मात्रांचा), ओळ १६ मात्रांची, म्हणजे स्टाफ नोटेशनमध्ये (पाच रेघांच्या पाश्चात्त्य स्वरलेखनात) चार-चार मात्रांचे चार बार. चार ओळी. पहिली ओळ रेवर थांबते, दुसरी पवर, तिसरी तार (वरच्या सप्तकातल्या) साला जाऊन धवर उतरते, चौथी ग-रे-सा करून घरी येते. पट्टी ठरवताना चालीचा सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा स्वर आधी पाहिला. खाली मंद्र (खालच्या सप्तकातला) ध, वर तार सा. पांढरी दोनमध्ये (म्हणजे पेटीची ती पट्टी सा धरून) मंद्र ध सोप्रानोंना फार खाली जात होता. काळी दोनमध्ये तो पेटीच्या मधल्या पांढरी एकवर येतो आणि तार साही आरामात लागतो. म्हणून काळी दोन.

समजायला सोपं जावं म्हणून पुढची सगळी उदाहरणं पांढरी एकमध्ये देतो. पेटीवरचा मधला सा म्हणजे मध्य सा धरा. या हिशेबाने हौशी गळ्यांच्या मर्यादा अशा: सोप्रानो मध्य सा ते तार प, आल्टो मंद्र प ते तार सा, टेनर मंद्र सा ते मध्य प, बास अतिमंद्र ग ते मध्य सा. या कडा आहेत, मुक्कामाची जागा नव्हे. आमच्याकडे टेनर तिघेच होते, तेव्हा त्यांना मध्य मच्या वर नेलंच नाही. शेजारशेजारच्या वरच्या तीन आवाजांत एका सप्तकापेक्षा जास्त अंतर ठेवू नये. टेनर आणि बासमध्ये जास्त चालतं.

आता खरा पेच. भूपाच्या पाच स्वरांत तीन स्वरांचे पूर्ण कॉर्ड (एकाच वेळी लागणारे स्वरसमूह, मूळ स्वराच्या नावाने ओळखले जाणारे) दोनच बसतात: सा-ग-प आणि ध-सा-ग. बाकी प्रत्येक कॉर्डला म किंवा नी लागतो. प-कॉर्ड म्हणजे प-नी-रे, म-कॉर्ड म्हणजे म-ध-सा, रे-कॉर्ड म्हणजे रे-म-ध. दोनच कॉर्डांवर सोळा बार काढले तर गाणं जागचं हलत नाही, कारण घराकडे ओढ निर्माण करतो तो नी, आणि तोच भूपात वर्ज्य. या प्रश्नावर आमच्यात मनापासून चर्चा झाली. माझं मत ठाम होतं आणि आजही आहे: चाल भूपातच राहू द्यावी, सोप्रानोच्या ओळीत म आणि नीचा स्पर्शही नको, खालच्या तिन्ही आवाजांत मात्र ते दोन स्वर मोकळेपणाने घ्यावेत. सगळे मिळून ऐकल्यावर राग भूप उरत नाही हे मान्य करूनच पुढे जावं. अर्धवट शुद्धता राखायला गेलं तर आल्टोची ओळ लंगडी होते.

ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा फक्त सोप्रानो आणि बासवर गेला. आतले आवाज भरायची घाई करू नये. चाल आणि बास एवढे दोनच आवाज गाऊन पाहिले तरी रचना उभी राहिली पाहिजे. कॉर्ड दर दोन मात्रांनी बदलायचा असं धोरण ठेवलं. चालीतला प्रत्येक स्वर कॉर्डातलाच हवा असं नाही. पटकन येणाऱ्या ग-रे-सामधला रे सा-कॉर्डवरून सरळ निघून जातो, त्याला वेगळा कॉर्ड देऊ नये.

ओळींच्या शेवटापासून सुरुवात करणं सर्वांत सोपं. पहिली ओळ रेवर थांबते, तिथे प-कॉर्ड. वाक्य अपुरं राहतं, पुढची ओळ हवीशी वाटते. तिसऱ्या ओळीच्या शेवटच्या धने मात्र बराच वेळ घेतला. ध तीन कॉर्डांत बसतो: म-कॉर्डात, ध-कॉर्डात आणि रे-कॉर्डात. चालीत त्याआधी प आहे. मोह होतो तो प-कॉर्डवरून ध-कॉर्डवर जाण्याचा, कारण तो अपेक्षाभंग कानाला फार गोड लागतो. पण तसं केलं की सोप्रानो प→ध आणि बासही प→ध, म्हणजे दोघे एकच ओळ गायला लागतात. ही पॅरलल ऑक्टेव्ह. त्याऐवजी पला सा-कॉर्डचं पहिलं इन्व्हर्जन दिलं, म्हणजे बासमध्ये मूळ साऐवजी मधला ग, आणि धला म-कॉर्ड. बास ग→म, सोप्रानो प→ध. दोघांत तिसऱ्या स्वराचं अंतर (मध्ये एक स्वर सोडून) कायम राहतं आणि तरी दोन ओळी वेगवेगळ्या ऐकू येतात. बासलाही एकेक पायरीची गाण्याजोगी ओळ मिळते.

दोन आवाज एकाच अंतराने पंचमात किंवा अष्टकात सरकू नयेत, हा नियम ऐकला की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो: षड्ज-पंचम संवाद तर सर्वांत शुद्ध, मग तोच का टाळायचा? शुद्ध आहे म्हणूनच. सा आणि प इतके एकरूप होतात की दोन आवाज सलग तसे सरकले की कानाला एकच आवाज जाड झाल्यासारखा वाटतो. चारातला एक आवाज त्या क्षणी हरवतो आणि पुढच्या मात्रेला परत येतो. तो खड्डा ऐकू येतो. एकटा पंचम कितीही वेळा येऊ द्या, सलग दोन नकोत. म्हणून तानपुऱ्याचा अखंड पंचम इथे आडवा येत नाही. तो सरकतच नाही.

हे सर्वांत जास्त बिघडतं म-कॉर्डवरून प-कॉर्डवर जाताना, कारण सगळे स्वर शेजारचेच असतात आणि हात पेटीवर जसा सरकतो तसंच लिहिलं जातं. समजा म-कॉर्डात सोप्रानो ध, आल्टो म, टेनर सा, बास मंद्र म. सगळे एक पायरी वर नेले तर आल्टो आणि बास दोघे म→प (ऑक्टेव्ह), आणि टेनर सा→रे हा बासच्या म→पसोबत पंचम. एका झटक्यात दोन्ही चुका. उपाय एकच: बास वर जातोय ना, मग वरचे तिघेही खाली. सोप्रानो ध→प, आल्टो म→रे, टेनर सा→नी, बास म→प. प्रत्येकाची उडी छोटी, प्रत्येकाची ओळ गाता येण्यासारखी. याहून सुरक्षित वाट हवी असेल तर म-कॉर्डऐवजी रे-कॉर्डचं पहिलं इन्व्हर्जन घ्या: बासमध्ये मच राहतो, पण रे हा स्वर पुढच्या प-कॉर्डातही आहे, तो ज्याच्याकडे असेल त्याने तसाच धरून ठेवायचा. उलट्या दिशेने, म्हणजे प-कॉर्डवरून म-कॉर्डवर, शक्यतो जाऊ नये. ताणलेली दोरी मध्येच सैल सोडल्यासारखं होतं.

प-कॉर्डवरून ध-कॉर्डवर जाण्याची हौस आम्ही दुसऱ्या कडव्यात, जिथे चाल वेगळी वळते, तिथे फेडून घेतली. सोप्रानो नीवर नसला तरी तत्त्व तेच: ज्याच्याकडे नी असेल त्याने साला जायचं, बास वर, बाकीचे खाली. मग ध-कॉर्डात सा दोनदा येतो. एरवी कॉर्डाचा मूळ स्वर दोनदा घेतात, इथे मधला स्वर दोनदा घेणंच बरोबर. आणि नी कधीही, कुठेही, दोनदा नको. दोघांना साला जायची ओढ लागते आणि लगेच ऑक्टेव्ह होते.

शेवटची ओळ. ग पाचव्या मात्रेवर, रे सातव्यावर, सा पुढच्या समेवर. इथे केडेन्शियल सिक्स-फोर अगदी जागेवर बसतो: बासमध्ये प ठेवून वर सा-कॉर्डचे स्वर, मग तोच प धरून प-कॉर्ड, मग घर. अट अशी की हा सिक्स-फोर पुढच्या प-कॉर्डपेक्षा जोरदार मात्रेवर हवा. भजनी ठेक्यात पाचवी मात्रा सातवीपेक्षा वजनदार, त्यामुळे आपोआप साधलं. चारही आवाज असे झाले:

सोप्रानो: ग – रे – सा (मध्य)
आल्टो: मध्य सा – मंद्र नी – मंद्र प
टेनर: प – म – ग (मंद्र)
बास: अतिमंद्र प – अतिमंद्र प – मंद्र सा

टेनरचा म हा प-कॉर्डातला सातवा स्वर, तो खाली गवर उतरतोच. सिक्स-फोरमध्ये प दोनदा आला आहे, बास आणि टेनरमध्ये. तो तसाच हवा. पुस्तकी नियमाने आल्टोच्या नीने साला जायला हवं, पण तसं केलं तर शेवटच्या कॉर्डात तीन सा, एक ग आणि पच नाही. नी आतल्या आवाजात असेल तर शेवटी त्याला खाली पवर टाकून कॉर्ड पूर्ण करायची सवलत आहे. बाख या जर्मन संगीतकाराच्या कोरालांत (चार आवाजांतल्या चर्चगीतांत) ती वारंवार दिसते. नी वरच्या आवाजात असता तर ही सवलत चालली नसती, कारण सोप्रानोचा अडलेला नी प्रत्येकाला ऐकू जातो. ही तीन कॉर्डं पहिल्यांदा चौघांनी मिळून गायली तेव्हा खोलीत सगळेच एकदम खुलले, ते मी विसरणार नाही.

तिसऱ्या कडव्यात दुसऱ्या ओळीच्या शेवटी थोडा उजेड हवा होता. तिथे प-कॉर्डच्या आधी रे-कॉर्डात तीव्र म घेतला. बास रे→प (खाली), टेनर तीव्र म→प, आल्टो रे→नी, सोप्रानो ध→प. तीव्र म हा पचा तात्पुरता नी असल्यासारखा वागतो: वरच जातो आणि दोनदा घ्यायचा नसतो. एक सांभाळावं लागतं. लगेच आधीच्या कॉर्डात दुसऱ्या कुणी शुद्ध म गायला असेल तर दोन मध्यमांची टक्कर होते आणि टेनर हमखास बेसूर होतात. आधीच्या कॉर्डातून शुद्ध म काढून टाकला की प्रश्न मिटतो.

कोमल धवरून शुद्ध नीवर जाणारी उडी चार आवाजांच्या लेखनात टाळायला सांगतात. भैरव गायलेल्या गळ्याला ती मुळीच अवघड नाही. तरीही मायनरमध्ये (कोमल गांधाराच्या पाश्चात्त्य स्वरसप्तकात) लिहिताना आम्ही ती टाळतो, कारण ती आली की आतला आवाज एकदम पुढे येऊन चालीवर कुरघोडी करतो.

दिवाळीआधी सगळं म्यूझस्कोरमध्ये उतरवलं. हे सॉफ्टवेअर फुकट आहे. आवाजाच्या मर्यादेबाहेरचा स्वर ते वेगळ्या रंगात दाखवतं, त्यावर लक्ष ठेवावं. चारही आवाज दोन स्टाफवर (पाच रेघांच्या दोन ओळींवर) छापायचे असतील तर सोप्रानो आणि टेनरच्या काड्या वर, आल्टो आणि बासच्या खाली. टेनर वेगळ्या स्टाफवर लिहिला तर ट्रेबल क्लेफच्या (ओळीच्या सुरुवातीच्या चिन्हाच्या) खाली ८ आहे ना ते पाहा, नाहीतर सगळे टेनर एक सप्तक वरचा स्वर शोधत बसतात. शब्द लिहिताना जोडाक्षर पुढच्या अक्षराला द्यावं: भ-क्ती, भक्-ती नव्हे, अठरा जण अर्धा क एकाच वेळी बंद करू शकत नाहीत. एका अक्षरावर आल्टोचे दोन स्वर असतील तर बाकीच्यांनी अक्षर कधी बदलायचं हे बाणाने दाखवावं.

आमच्यातल्या निम्म्यांना स्टाफ नोटेशन येत नाही. त्यांच्यासाठी प्रत्येक आवाजाची सरगम वेगळ्या पानावर काढली: मात्रांचे खण, वर स्वर, खाली शब्द. सप्तकाची टिंबं ठळक हवीत. झेरॉक्समध्ये बारीक टिंब उडतं. अप्पा बळवंत चौकात दोन्ही बाजूंनी झेरॉक्स काढून सगळ्यांच्या प्रती चारशे रुपयांच्या आत झाल्या. प्रत्येक आवाजाचं वेगळं रेकॉर्डिंग, त्या आवाजाचा आवाज मोठा आणि बाकीचे बारीक ठेवून, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. त्यामुळे तालमीत स्वर शिकवायचा वेळ खूप वाचला.

तालमी नोव्हेंबरपासून रविवारी दुपारी. कोथरूड आणि वानवडी अशा दोन टोकांहून लोक येणार, म्हणून जागा कॅम्पात. तालमीचा क्रम महत्त्वाचा ठरला: आधी सोप्रानो आणि बास, ते पक्के झाल्यावर आल्टो, शेवटी टेनर. आल्टोंची तक्रार नेहमीची, की आमच्या वाट्याला एकच स्वर येतो. ही तक्रार गंभीरपणे घ्यावी. सलग सहा मात्रा प गाणारा आवाज हळूहळू उतरतो आणि सगळ्या कॉयरला खाली ओढतो. दुसऱ्या ओळीत आल्टोला प-ध-प अशी हालचाल दिली, कॉर्ड तेच ठेवून, आणि पट्टी टिकू लागली.

पट्टी उतरण्याचं दुसरं कारण कीबोर्ड. कीबोर्डवरचा ग शुद्ध गांधारापेक्षा साधारण १४ सेंट (एक सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा असतो. प जेमतेम २ सेंट उतरलेला. तानपुऱ्यावर तयार झालेला गळा आपसूक शुद्ध गांधार लावतो, आणि मग कीबोर्ड चालू असला की दोन गांधार एकमेकांना घासतात. म्हणून कीबोर्डने फक्त सुरुवातीचे चार स्वर द्यायचे आणि बंद व्हायचं. प्रत्येक तालमीत सा-कॉर्ड लांब धरून ठेवायचा: आधी बास आणि टेनरचा सा-प जुळवायचा, मग ग लावणाऱ्याने हळूच आत यायचं. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी सा तपासायचा. आमचा उतरायचा तो बहुतेक वेळा ग-रे-सा या उताराच्या पायऱ्या मोठ्या पडल्यामुळे.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात प्रत्यक्ष चर्चमध्ये तालीम मिळाली. त्यासाठी पुन्हा एक अर्ज आणि परत मिळणारी अनामत. दगडी भिंती आणि उंच छत असलं की आधीचा कॉर्ड पुढच्यात मिसळतो. मिनिटाला ७६ मात्रांची लय ६६ वर आणली, आणि प-कॉर्डनंतर सा-कॉर्डच्या आधी श्वासाएवढी जागा सोडली. टेनर तिघेच असल्याने त्यांना मध्ये उभं केलं, बास त्यांच्या मागे. बासच्या स्वरावर कान ठेवता आला की टेनरचा सूर पक्का होतो.

सोसायट्यांमध्ये कॅरोल गात फिरायचाही बेत होता. लाऊडस्पीकर लावायचा असेल तर पोलिसांची लेखी परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ तो बंदच. आम्ही स्पीकर न घेता गायलो. उघड्यावर बास विरून जातो, म्हणून तिथे दोन टेनर खालच्या ओळीत पाठवले आणि टेनरची ओळ एकावर सोपवली. चार आवाजांपैकी बास आणि सोप्रानो शाबूत असले तर रचना तग धरते.

२५ डिसेंबरला सकाळच्या उपासनेत तीनही कडवी झाली. तिसऱ्या कडव्यातला तीव्र म लागला. शेवटचा कॉर्ड चार मात्रा लिहिला होता, तो लोकांनी स्वतःहून लांबवला, आणि प सकट पूर्ण ऐकू आला. मनापासून बरं वाटलं.

जानेवारीत अनामत परत घेताना कार्यालयाने स्वरलेखनाची एक प्रत मागितली. ती देताना पहिल्या पानावर शब्द कुणाचे, चाल परंपरागत, मांडणी कुणाची आणि कोणत्या वर्षीची, पट्टी काळी दोन, लय ६६ एवढं लिहून द्यावं. तालमीत बदललेले बार, आमच्या बाबतीत दुसऱ्या ओळीतला आल्टो आणि तिसऱ्या कडव्यातला टेनर, मूळ फाइलमध्ये दुरुस्त करूनच प्रत काढावी. पेन्सिलने खाडाखोड केलेली प्रत पुढच्या वर्षीच्या टेनरला वाचता येत नाही.